मधला उंबरठा

मूल परदेशी शिकावयास निघाले म्हणजे घरातील मंडळींच्या मनात त्याच्या प्रवासाची दोनच ठिकाणे असतात. पहिले मुंबईचा विमानतळ, जेथे डोळे पुसत त्यास निरोप द्यावयाचा; आणि दुसरे त्याच्या विद्यापीठाचे गाव, जेथून तो सुखरूप पोचल्याचे वर्तमान यावयाचे. मधल्या मुक्कामाची कोणी फारशी विचारपूस करीत नाही. मिरजेस किंवा मनमाडास गाडी बदलावी, तसे तेथे विमान बदलावयाचे, एवढाच त्या मुक्कामाचा अर्थ बहुतेक घरांत समजला जातो. सन २०२४ च्या ऑगस्टात आम्ही सपत्नीक अमेरिकेत चिरंजीवांकडे गेलो. वाटेत अबू धाबी येथे विमान बदलावयाचे होते. त्या चार-पाच तासांत विद्यार्थ्यांच्या मेळ्यात बसून जे पाहिले व ऐकले, त्यावरून आमची अशी खात्री झाली आहे की, विद्यार्थ्याच्या सबंध प्रवासात खरे जोखमीचे स्थळ कोणते असेल तर ते हे मधलेच होय. ज्या घरांतून मुले परदेशी जाणार आहेत, त्यांस उपयोगी पडेल म्हणून तो वृत्तांत येथे देत आहोत.

परदेशगमन आपल्या समाजास नवे नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी सन १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्यास बोटीत बसल्या, त्या जूनच्या आरंभी न्यूयॉर्क बंदरास लागल्या. वय अवघे अठरा. पती बरोबर नव्हते. सोबतीस होत्या त्या परक्या अमेरिकन स्त्रिया. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय विद्यालयातून १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला, हा करुण इतिहास सर्वांस ठाऊकच आहे. रँग्लर परांजपे १८९६ साली केंब्रिजला गेले, तेही बोटीनेच. त्या काळी समुद्र ओलांडण्यास शास्त्राची आडकाठी होती, परत आल्यावर प्रायश्चित्ताचा प्रश्न होता, वाटेत शाकाहारी माणसाच्या पोटाचे हाल होते. परंतु त्या प्रवासात एक सोय होती, तिचा आज आपणांस विसर पडला आहे. ती सोय म्हणजे वेळ. एकेक बंदर मागे पडे, हवा हळूहळू गार होई, परकी भाषा दिवसरात्र कानावर पडे. आणि शेवटच्या धक्क्यावर पाऊल ठेवीपर्यंत प्रवासी मनाने निम्मा तयार झालेला असे. शिवाय उतरवून घ्यावयास कोणी तरी येई. आनंदीबाईंस कार्पेंटरबाई भेटल्या, आणि रोझेल गावी त्यांच्याच घरी त्यांस मुलीप्रमाणे आसरा मिळाला.

आज मुंबईहून सुटलेले विमान सुमारे तीन तासांत अबू धाबीस उतरते. घरच्या वरणभाताची चव जिभेवर असतानाच परक्या राज्याचा द्वारपाल समोर उभा राहतो. मन तयार होण्यास जो अवधी पूर्वी समुद्र देत असे, तो आता घराने निघण्यापूर्वीच दिला पाहिजे. तो दिला जातो की नाही, हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

आमचे विमान पहाटेपूर्वीचे होते. सहारच्या विमानतळावर तिकीट नसलेल्या माणसास आत सोडीत नाहीत, त्यामुळे निरोपाचे सगळे सोहळे दाराबाहेरच चालतात. आम्ही रांगेत उभे असता एका मुलास पोचवावयास आजी, आत्या व मामा धरून अकरा माणसे आलेली आम्ही मोजली. कोणी अंगारा लावीत होते, कोणी दह्याची कवडी हातावर ठेवीत होते. एक गोष्ट मात्र आमच्या नजरेत भरली, ती आमच्या मास्तरी सवयीमुळे असेल. बहुतेक मुलांच्या कागदपत्रांची फाइल वडिलांच्या काखेत होती. दाराशी येईपर्यंत ती वडिलांनी सोडली नाही. शिपायाने पारपत्र मागितले तेव्हा त्यांनीच आतून काढून दिले, आणि मुलगा आत पाऊल टाकणार तेवढ्यात फाइल त्याच्या हाती आली. "सगळे क्रमाने लावले आहे," एवढे ते म्हणाले.

ही मुले थोडी नाहीत. सन २०२४-२५ या शैक्षणिक वर्षी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,६३,०१९ होती. त्याच्या आदल्याच वर्षी या बाबतीत आपल्या देशाने चीनला मागे टाकून पहिला क्रमांक मिळविला होता. आमच्या विमानात आमच्या पुढच्या-मागच्या रांगा मिळून अशी सात-आठ मुले-मुली तरी होती. कोणी बोस्टनला, कोणी शिकागोस, कोणी न्यूयॉर्कमार्गे आणखी आत कोठे निघालेली. आमच्या शेजारी बसलेली मुलगी देशावरील एका तालुक्याच्या गावची, संगणकशास्त्राची पदवीधर, वय बावीस. आम्ही शाळामास्तर होतो हे कळताच तिने आम्हांस 'सर' व आमच्या कुटुंबास 'काकू' म्हणावयास सुरुवात केली. विमान उतरले तेव्हा घड्याळ दीड तास मागे न्यावे लागले. गेलेला वेळ परत मिळण्याचा योग आयुष्यात असा विमानातच येतो!

अबू धाबी हे स्थळ मुंबईच्या माणसास अगदीच परके नव्हे. तेल निघण्यापूर्वी या किनाऱ्याची उपजीविका मोत्यांवर चाले, आणि आखाती मोत्यांची मोठी बाजारपेठ होती मुंबई. आपला रुपया येथे सर्रास चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातापुरता निराळा रुपया काढला, तो अबू धाबीत १९६६ पर्यंत चलनात होता. जपानी कृत्रिम मोत्यांनी तो व्यापार बुडाला. १९५८ साली तेल सापडले. २ डिसेंबर १९७१ रोजी अमिराती एकत्र येऊन नवे राष्ट्र झाले. ज्या किनाऱ्यावरील मोती एके काळी आपल्या जव्हेऱ्यांच्या पारखीसाठी मुंबईस येत, त्याच किनाऱ्यावर आज आपली मुले पारखली जातात.

विमानतळाची नवी इमारत १ नोव्हेंबर २०२३ रोजी प्रवाशांस खुली झाली, आणि पुढे फेब्रुवारीत विमानतळास तेथील दिवंगत राष्ट्रसंस्थापक शेख झायेद यांचे नाव देण्यात आले. इमारतीचे क्षेत्र ७ लाख ४२ हजार चौरस मीटर असून वर्षाकाठी साडेचार कोटी प्रवाशांची सोय होईल अशी तिची योजना आहे. आकार इंग्रजी एक्स अक्षरासारखा. मध्यभागातून चार भुजा चार दिशांस गेलेल्या. छत इतके उंच की मान मागे टाकून पाहावे. चालून पाय दुखतात, पण वाट चुकत नाही, कारण पाट्या अरबी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहेत. फरशी पुसणारे, दुकानात विकणारे, वृद्धांच्या चाकांच्या खुर्च्या ढकलणारे यांत आपल्या देशाची माणसे पावलोपावली भेटतात, आणि हिंदीत विचारले तर हिंदीत उत्तर येते. त्यामुळे नवख्या मुलास वाटते की आपण अजून घराजवळच आहो. येथेच त्याचा घात होण्याचा संभव आहे.

कारण याच इमारतीच्या एका भागात अमेरिकेचे दार आहे. वाचकांस हे चमत्कारिक वाटेल, म्हणून थोडे स्पष्ट करतो. सामान्यतः परक्या देशात शिरताना पारपत्राची व जकातीची तपासणी त्या देशाच्या भूमीवर होते. परंतु अमेरिकेने काही मोजक्या परदेशी विमानतळांवर आपले अधिकारी ठेवून ही तपासणी विमान सुटण्यापूर्वीच उरकण्याची व्यवस्था केली आहे. तिचा आरंभ १९५२ साली कॅनडातील टोरांटो येथे झाला. पुढे आयर्लंड, बर्म्युडा, बहामा, अरूबा येथेही ती आली, आणि २०१४ च्या जानेवारीत अबू धाबीस आली. भूमी अमिरातीची, पण कसोटी अमेरिकेच्या कायद्याची. या दारातून पलीकडे गेलेला प्रवासी न्यूयॉर्कला उतरतो तो तेथल्या तेथे गावाहून गावी आल्यासारखा. त्यास पुन्हा कोणी अडवीत नाही. आणि ज्यास येथे अडविले, त्याने अमेरिकेची माती पाहिलेलीच नसते. त्यास येथूनच माघारी फिरावे लागते.

येथे आणखी एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला, असे घरोघर समजतात, पेढेही वाटतात. वस्तुतः व्हिसा म्हणजे दारापर्यंत जाऊन कडी वाजविण्याची परवानगी. आत घ्यावयाचे की नाही, हे दारावरील अधिकारी ठरवितो. वर्षभराची खटपट, बँकेचे कर्ज, सेव्हिस नावाच्या नोंदणीचे साडेतीनशे डॉलर, मुलाखती, हे सर्व होऊन शेवटचा निर्णय खिडकीशी उभे असता चार-पाच मिनिटांत होतो.

त्या भागात शिरताना प्रथम पुन्हा एकदा झडती होते. पायांतील जोडे, कमरेचा पट्टा, सर्व काढून द्यावे लागले. नंतर रांग. रांगेत आमच्या पुढे उभी असलेली चार मुले एकमेकांस प्रश्न विचारीत होती व उत्तरे घोकीत होती. मुलांस परदेशी पाठविण्याचा धंदा करणाऱ्या कोणा दलालाने त्यांस चाळीस प्रश्नोत्तरांचा कागद दिला होता. "हेच विद्यापीठ का निवडले?" या प्रश्नाचे उत्तर चौघांचेही एकच, शब्दास शब्द तेच, विद्यापीठे मात्र चार निराळी! छत्तीस वर्षे मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्यावर आम्हांस एवढे कळते की, परीक्षक कोणत्याही देशाचा असो, घोकलेले उत्तर तो पहिल्या वाक्यात ओळखतो.

खिडकीमागे गडद निळ्या पोशाखातील अधिकारी बसतात. बोटांचे ठसे घेतात, छायाचित्र घेतात, आणि बोलत बोलत विचारतात: काय शिकणार, कोठे राहणार, पूर्वी आला होता काय, पैसे कोण देतो, बरोबर खाण्याचे काय आणले. प्रश्न साधेच. आमचे दोघांचे काम पाच मिनिटांत झाले. नातवंडे किती, एवढे विचारून अधिकारी हसलादेखील. पलीकडे जाऊन आम्ही त्या मुलीची वाट पाहत बाकावर बसलो. तिच्या मागची मुले येऊन गेली, ती आली नाही. तिला आतील खोलीत नेल्याचे एका मुलाने सांगितले.

पाऊण तास गेला. न्यूयॉर्कच्या विमानात चढावयाची रांग लागली. आमच्या कुटुंबाने जागचे हलण्यास साफ नकार दिला. "मूल आपले नाही म्हणून काय झाले?" एवढेच त्या म्हणाल्या. अखेर ती आली. हातात फाइल अस्ताव्यस्त, चेहरा उतरलेला, पण पारपत्रावर हवा तो शिक्का झालेला. विमानात तिने जे सांगितले ते असे.

खिडकीवरील अधिकाऱ्याने विचारले, शिक्षणाचा खर्च कोण करतो? ती म्हणाली, माझे वडील. तसे तिला खरोखरीच वाटत होते. अधिकाऱ्याने फाइल मागितली. विद्यापीठाकडून येणारा जो 'आय-ट्वेंटी' नावाचा कागद, त्यात वर्षाचा खर्च व तो भागविण्याची साधने लिहिलेली असतात. त्यापाठी बँकेचे पत्र होते. त्यावर नाव वडिलांचे नव्हते; थोरल्या काकांचे होते. ठेवीची पावती काकांची, कर्जास जामीन काका, तारण म्हणून लावलेले घर काकांच्या नावावरचे. तोंडी उत्तर एक आणि कागद दुसरे. अधिकाऱ्याने तिला आतील खोलीकडे पाठविले. त्यात त्याचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही. त्याच्या जागी आम्ही असतो तर आम्हीही तेच केले असते.

तेथे दुसऱ्या अधिकाऱ्याने विचारले, काका कशासाठी पैसे देतात? त्यांस स्वतःची मुले नाहीत काय? तुझ्या वडिलांस उत्पन्न नाही काय? या पैशाच्या मोबदल्यात तू तेथे नोकरी करून त्यांस काही पाठविणार आहेस काय? तिला भोवळ यावयाची बाकी राहिली. घरी विचारावे तर तेथे फोन करावयास मनाई. आणि फाइल तिने आजवर स्वतः एकदाही सबंध वाचलेली नव्हती. सगळे क्रमाने लावले होते, पण तो क्रम वडिलांचा होता.

मग तिने एक गोष्ट केली, आणि ती तिला कोणा दलालाने शिकविलेली नव्हती. ती म्हणाली: "साहेब, मला हे ठाऊक नव्हते. आमच्या घरी वडील, काका व आजी एकत्र राहतात. स्वयंपाक एक, खर्चाची पेटी एक. पैशाच्या गोष्टी मोठी माणसे मुलांस सांगत नाहीत. मी वडील म्हटले ते या समजुतीने. कागदावर काकांचे नाव आहे, तर पैसे काकांनीच दिले असले पाहिजेत. ते मला मुलीसारखेच मानतात. याहून अधिक मला माहीत नाही." अधिकाऱ्याने तिच्याकडे जरा वेळ पाहिले, कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले, अभ्यासक्रमाविषयी चार प्रश्न विचारले, तिची उत्तरे नीट आली, आणि तिला सोडून दिले.

ती ही हकीकत सांगत असता आम्हांस छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची आठवण झाली. गुरुगृही जावयास निघण्यापूर्वी तो मुलगा आईस विचारतो, माझे गोत्र कोणते? जबाला त्यास खरे ते सांगते: तारुण्यात मी अनेकांच्या घरी राबले, तुझे गोत्र मला ठाऊक नाही, माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम, एवढेच सांग. गौतमांच्या दारी तो प्रश्न येतोच. मुलगा आईचे बोलणे जसेच्या तसे सांगतो, आणि सत्यापासून ढळला नाही म्हणून गुरू त्यास पदरी घेतात. वर्गात ही कथा आम्ही मुलाच्या सत्यनिष्ठेची म्हणून कित्येक वर्षे शिकविली. तीत आईचेही तितकेच मोठे काम आहे, हे मात्र त्या दिवशी विशेष जाणवले. जबालेने मुलास अडचणीचे सत्य घरीच सांगितले. ते झाकून तिने एखादे बरेसे गोत्र त्यास पढविले असते, तर गुरूच्या दारी मुलाचे काय झाले असते?

आपल्या एकत्र कुटुंबांत पैशाविषयी मौन पाळण्याची रीत आहे, आणि तिच्या मुळाशी प्रेमच आहे. मुलाच्या मनावर ओझे नको, भावाने भावासाठी केले त्याचा उच्चार नको, उपकाराची भाषा नको. या रीतीवर आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ज्या अधिकाऱ्याच्या देशात चुलता पुतणीचे शुल्क भरीत नाही, त्यास ही रीत ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्या आयकराच्या कायद्याला अविभक्त कुटुंब समजते. खिडकीमागे बसलेल्या परक्या माणसास ते मुलानेच चार सोप्या वाक्यांत समजावून द्यावयाचे असते. आणि मुलास जे सांगितलेले नाही, ते तो समजावून कसे देणार? आमचे कुटुंब सर्व ऐकून म्हणाले, "आपल्या घरांत मुलीला दागिन्यांचे वजन ठाऊक असते, कर्जाचे नसते." यावर आम्हांस काही बोलता आले नाही.

आमचे म्हणणे इतकेच की, मूल निघण्यापूर्वी महिनाभर तरी एका रविवारी दुपारी घरातील कर्त्या मंडळींनी त्यास जवळ बसवावे आणि सगळा हिशेब सांगावा. किती पैसे लागणार, कोठून आले, कोणाच्या नावावर कर्ज आहे, काय तारण ठेवले, व्याज किती, फेड केव्हापासून. फाइल मुलाच्याच हातून लावून घ्यावी. मग वडिलांनी परीक्षक व्हावे व प्रत्येक कागद कशाचा हे त्यास विचारावे. मोठ्यांच्या बैठकीत मुलाने तोंड उघडू नये ही शिस्त आपण लावतो. तेच मूल एके पहाटे एकटे उभे राहून परक्या भाषेत घराची बाजू मांडणार असते. त्यास बोलण्याची सवय घरीच लागली पाहिजे.

काही व्यवहाराच्या गोष्टीही सांगून ठेवतो. आय-ट्वेंटी, पैशाचे कागद, विद्यापीठाचे पत्र व राहण्याचा पत्ता हे मोठ्या पेटीत कधीही घालू नयेत. पेटी विमानाच्या पोटात जाते आणि प्रश्न खिडकीशी येतो. अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तीस दिवसांपेक्षा अधिक आधी विद्यार्थ्यास प्रवेश मिळत नाही, हे तिकीट काढतानाच पाहावे. अधिकाऱ्यास फोनही तपासण्याचा अधिकार आहे. आणि २०२५ च्या जूनपासून तर विद्यार्थी-व्हिसासाठी समाजमाध्यमांवरील खाती सर्वांस दिसतील अशी खुली ठेवावयास सांगण्यात येते. तेव्हा मुलाने तेथे काय लिहून ठेवले आहे, याची त्याने स्वतःच उजळणी करावी. दहा हजार डॉलरांहून अधिक रक्कम जवळ असेल तर ती सांगावी लागते. खाण्याचे काय आहे असे विचारले तर जे असेल ते सांगावे. लाडू-चटणी सांगितल्याने कोणी शिक्षा करीत नाही, लपविल्याने मात्र दंड होऊ शकतो. ताजी फळे व बी-बियाणे यांच्या वाटेस जाऊच नये.

आणि आमच्या भगिनींस एक विशेष विनंती. अमिरातीच्या कायद्याने खसखस हा निषिद्ध पदार्थ आहे. आपल्याकडे जो जिन्नस अनारशांस व कडबोळ्यांच्या शेजारी डब्यात सुखाने नांदतो, तो तेथे अफूच्या पंक्तीस बसतो. मुलाची वाट अबू धाबी किंवा दुबईवरून असेल तर अनारसे कितीही जाळीदार साधले असले तरी ते घरच्यांनीच खावेत. वेदनाशामक व खोकल्याच्या काही औषधांचीही तीच कथा. वैद्याची चिठ्ठी बरोबर असू द्यावी व नियम आधी पाहून घ्यावेत.

अबू धाबीची ही व्यवस्था विशेष असली, तरी मधल्या उंबरठ्याचे तत्त्व इतरत्रही लागू आहे. फ्रँकफर्ट, लंडन किंवा दोहावरून अमेरिकेस जाणाऱ्या मुलाची तपासणी तो अमेरिकेत ज्या विमानतळावर प्रथम उतरेल तेथे होते, मग त्याचे विद्यापीठ पुढे हजार मैलांवर का असेना. बहुधा तेथे मोठ्या पेट्याही स्वतः उचलून जकातीतून नेऊन पुन्हा पुढच्या विमानास द्याव्या लागतात. कॅनडात शिक्षणाचा परवाना पहिल्याच कॅनेडियन विमानतळावर हाती पडतो. टोरांटोस उतरून हॅलिफॅक्सला जाणाऱ्याने तो टोरांटोसच घ्यावा. युरोपातील शेंगेन करारात सामील झालेल्या देशांचे दार तर सामाईकच आहे. प्रागला शिकावयास जाणारा मुलगा फ्रँकफर्टला उतरला तर त्याचे पारपत्र फ्रँकफर्टलाच पाहिले जाते. तेव्हा तिकीट हाती येताच मुलास पहिला प्रश्न हा विचारावा: "तुझे दार कोणत्या गावी आहे?" दोन विमानांमधील अवधीही त्या हिशेबाने राखावा. दोन तासांत काम उरकेल हा हिशेब रांग सुरळीत असेल तरच खरा; आतील खोलीचा त्यात हिशेब नसतो.

न्यूयॉर्कला उतरल्यावर त्या मुलीस मोठे नवल वाटले. चौदा तासांच्या प्रवासानंतर आता खरी परीक्षा, अशी तिची मनात कोठे तरी धास्ती होतीच. प्रत्यक्षात सामानाचा पट्टा, एक सरकते दार, आणि बाहेर रस्ता! कोणी काही विचारले नाही. परीक्षा मागे वाळवंटातच झाली होती. आमचे चिरंजीव न्यावयास आले होते. तिची पुढच्या विमानाची वाट दाखवून आम्ही निरोप घेतला. त्या आधी तिने घरी फोन केला होता. वडिलांशी दोन शब्द बोलून तिने "काकांना द्या" म्हटले, आणि मग बराच वेळ ती नुसती ऐकत उभी होती.

नाताळच्या सुमारास तिचे पत्र आले. अभ्यास चांगला चालल्याचे लिहून पुढे म्हटले होते की, कर्जाचा हिशेब आता दर महिन्यास काका तिला कळवितात, आणि तीही आपल्या खर्चाचा ताळेबंद त्यांस पाठविते. काकांनी लिहिले होते म्हणे की, घरात एक कारकून वाढला.

संस्कृतात देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड पाडतो व अंगणातही. मुलास घरचे खरे काय ते ठाऊक असणे, हा आम्हांस तसाच दिवा वाटतो. परक्या अधिकाऱ्यापुढे त्याचा उपयोग होतो हे खरे. परंतु त्याचा निम्मा उजेड घराच्या आतच पडतो. कोणी आपल्यासाठी काय गहाण टाकले हे जाणून जे मूल घराबाहेर पडते, ते परदेशी वाट चुकण्याचा संभव कमी, आणि घरी पत्र लिहिण्याचा संभव अधिक.